जुनी जपानी टूरिंग सायकल: ओळख, तपासणी आणि भाव (वडोदऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी मोबाईलवर फोटो पाठवतं. धुळीनं माखलेली, खाली वळलेल्या हँडलची सायकल, आणि सोबत एक ओळ: "जपानी आहे म्हणतात, पंचवीस मागतोय, घेऊ का?" टूरिंग म्हणजे सामान लादून लांबच्या प्रवासाला जायला बनवलेली सायकल. मी दुकानदार नाही. दांडिया बाजारात राहतो, जुन्या सायकली खोलतो, जोडतो, कधी स्वतः ठेवतो, कधी देऊन टाकतो. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात, म्हणून एकदाची लिहून ठेवली.

वडोदऱ्यात जपानी टूरिंग सायकल येणार कुठून? विकणारा थापा मारतोय का?

मारतही असेल, पण दरवेळी नाही. अशा सायकली इथे येण्याच्या तीन वाटा मला दिसल्या आहेत. पहिली घरातली. १९८० च्या दशकात अमेरिकेत किंवा इंग्लंडात शिकायला, नोकरीला गेलेला मुलगा परत येताना सामानाबरोबर सायकलही घेऊन आला, दोन वर्षं चालवली, मग ती माळ्यावर गेली. आणंद-नडियादच्या बाजूला बंद असलेल्या परदेशस्थांच्या घरांतही अशा सायकली सापडतात. दुसरी वाट परदेशी सायकलस्वारांची. भारतभर फिरून झालं की विमानाचं भाडं भरण्यापेक्षा सायकल इथेच विकून जाणारे असतात. तिसरी वाट अलंगची. तिथे मोडायला आलेल्या जहाजांतलं सामान रस्त्याकडेच्या वखारींत विकलं जातं, आणि लांबलचक डेकवर ये-जा करायला खलाशी सायकली वापरतात. मात्र अलंगहून येते ती बहुतेक वेळा साधी किंवा घडीची सायकल. टूरिंग निघाली तर नशीब.

यांखेरीज पुष्कळदा "जपानी" म्हणून दाखवली जाते ती आपलीच देशी सायकल असते, फक्त मागचा गिअर शिमानो या जपानी कंपनीचा. शिमानोचा गिअर बसला म्हणून सायकल जपानी होत नाही. तसं असतं तर आपल्या गल्लीतली निम्मी पोरं जपानी सायकली फिरवत असती.

टूरिंग आणि रेसिंग, दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कुठे बघायचा?

हँडल बघू नका, दोघींचं खाली वळलेलंच असतं. मागच्या चाकापाशी बसा. पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर मोजा. रेसिंगमध्ये ते ४१ सेंटिमीटरच्या आसपास असतं, टूरिंगमध्ये ४३ ते ४६. मागे पिशव्या लावल्यावर टाच त्यांना लागू नये, आणि ओझं चाकाच्या फार मागे लोंबू नये, म्हणून ही लांबी. मग ड्रॉपआऊट पाहा, म्हणजे चाकाचा आस जिथे अडकतो ती जागा. तिथे कॅरिअर आणि मडगार्डसाठी आटे पाडलेली भोकं असायला हवीत, चांगल्या सायकलीत एकाऐवजी दोन-दोन. पुढच्या चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या, मध्यावरही भोक असेल तर ते पुढच्या खालच्या कॅरिअरसाठी, आणि मग शंकेला जागा उरत नाही.

ब्रेक कँटिलिव्हर हवेत, म्हणजे चिमट्याच्या दोन्ही पायांना सांधलेल्या खुंट्यांवर बसणारे. पेडलपाशी तीन चक्रं, चाकाला ३६ किंवा ४० तारा, दांड्यांवर दोन-तीन बाटल्यांची सोय, गिअरच्या कांड्या कधी कधी हँडलच्या टोकांना. काही सायकलींत मागच्या खालच्या दांडीवर दोन जादा तारा खोचून ठेवायला बारीक खुंट्या असतात. त्या दिसल्या की मला अजूनही आनंद होतो. गावोगाव फिरताना तार तुटणार हे धरूनच ज्याने सायकल आखली, त्याला प्रवास म्हणजे काय ते ठाऊक होतं.

यांतलं एखादं नसेल तर हरकत नाही. एकही नसेल तर ती टूरिंग नाही, कॅरिअर कितीही मोठा लावलेला असो.

दांडीवर इंग्रजी नाव आहे, जपानी नाही. मग?

नावावर जाऊ नका. सेंच्युरियन, युनिव्हेगा, निशिकी, लोटस ही अमेरिकी आयातदारांनी ठेवलेली नावं होती, सायकली जपानात बनायच्या. निशिकी कोबेच्या कावामुरा कारखान्यातून यायची, युनिव्हेगाच्या बऱ्याच सायकली मियाता बनवायची. श्विनची काही मॉडेल्स पॅनासॉनिकच्या कारखान्यातली आहेत. स्पेशलाइज्डची १९८० च्या दशकातली 'एक्स्पिडिशन' ही टूरिंगही जपानीच. उलट जपानी नाव असून तैवानात बनलेल्याही कमी नाहीत. १९८५ च्या सप्टेंबरात मोठ्या देशांत चलनांच्या दरांबाबत प्लाझा करार झाला, येन महागला, डॉलरला २४० च्या घरात मिळणारा येन दोनेक वर्षांत १५० च्या आसपास आला. जपानी सायकल अमेरिकेत एकदम महाग झाली आणि काम तैवानला सरकलं. म्हणून निर्यातीच्या उत्तम जपानी टूरिंग सायकली बहुतेक १९७० च्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या. तैवानची वाईट असं मात्र मी म्हणत नाही.

खुद्द जपानी नावांत ओळखायची मुख्य म्हणजे मियाता, फुजी, पॅनासॉनिक आणि ब्रिजस्टोन. मियाता मुळात बंदुका बनवणारी. नळी ओढायची विद्या तिथलीच, आणि तिची '१०००' ही टूरिंग सायकल अजून लोक शोधत फिरतात. पॅनासॉनिकचे मूळ मालक कोनोसुके मात्सुशिता लहानपणी ओसाकातल्या सायकलच्या दुकानात उमेदवारी करत होते. ब्रिजस्टोन म्हणजे संस्थापकाच्या 'इशिबाशी', दगडी पूल, या आडनावाचंच इंग्रजी उलटवलेलं रूप. ही माहिती भाव ठरवायला कामाची नाही. पण विकणाऱ्याशी गप्पा मारायला उपयोगी पडते, आणि गप्पांत भाव उतरतो.

सायकल कुठल्या सालची ते कसं कळेल?

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे सुट्या भागांवरचे शिक्के. एक ओला फडका आणि टॉर्च घेऊन जा.

शिमानोच्या भागांवर, मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला, क्रँकच्या (पेडलच्या दांडीच्या) पाठीवर, ब्रेकच्या मागे, दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं अक्षर वर्षाचं: ए म्हणजे १९७६, बी १९७७, असं पुढे. दुसरं महिन्याचं: ए जानेवारी, एल डिसेंबर. एच-सी दिसलं तर मार्च १९८३. सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीचीही रीत तीच, पण मोजणी वेगळी: डब्ल्यू १९८०, एक्स १९८१, वाय १९८२, झेड १९८३, आणि १९८४ ला पुन्हा ए. म्हणून आधी भाग कुणाचा ते वाचा, मग अक्षर. शिमानोचा तक्ता सनटूरला लावून एका गृहस्थांनी १९८२ ची सायकल थेट २००० सालात नेऊन ठेवली होती.

एका भागावर विश्वास टाकू नका. डिरेलर मोडतो, बदलला जातो. क्रँक, दोन्ही हब (चाकांचे मधले तुंबे), ब्रेक आणि डिरेलर अशा चार-पाच ठिकाणची अक्षरं उतरवून घ्या. सगळी सहा-आठ महिन्यांच्या आत जुळली तर सायकल मूळ भागांसकट आहे, आणि ती शेवटच्या तारखेनंतर थोड्याच दिवसांत जोडली गेली. चार १९८२ चे आणि एक १९९१ चा, तर तो एक नंतर बदललेला. चार ठिकाणी चार वर्षं निघाली तर ती सायकल नाही, खिचडी आहे.

फ्रेमचा क्रमांक पेडलच्या नळकांड्याखाली किंवा सीटच्या नळीवर असतो. मियातात त्यातलं पहिलं अक्षर वर्ष सांगतं, ए १९७२ पासून, म्हणजे एम असेल तर १९८४. मियाताने बनवलेल्या युनिव्हेगालाही हीच रीत लागते. इतर कारखान्यांच्या रीती वेगवेगळ्या, तिथे भागांवरचीच अक्षरं धरा.

आणखी एक खूण. सीटच्या नळीवर जपानी अक्षरांचं, क्रमांक असलेलं छोटं स्टिकर दिसलं तर ते तिथल्या पोलिसांकडे केलेल्या चोरी-प्रतिबंधक नोंदणीचं. सायकल जपानात वापरली गेल्याचा तो पुरावा. अमेरिकेला निर्यात झालेल्या सायकलीवर ते नसतं, त्यामुळे नसल्याने काही बिघडत नाही.

लोहचुंबक लावून चांगलं पोलाद ओळखता येतं म्हणतात, खरं का?

नाही. चुंबक साध्या पोलादालाही चिकटतं आणि क्रोम-मॉलिब्डेनमच्या चांगल्या पोलादालाही. त्याने फार तर अॅल्युमिनियम वेगळं कळेल.

कामाच्या खुणा वेगळ्या. सीटच्या नळीवर टँगे किंवा इशिवाता कंपनीचं स्टिकर असेल तर नीट वाचा. टँगेच्या 'नंबर १', 'नंबर २' या हलक्या, बारीक भिंतीच्या नळ्या. इशिवाताचा '०२२' म्हणजे नळ्यांचा पूर्ण संच सुमारे २.२ किलोचा. 'बटेड' शब्द असेल तर नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ. स्टिकर गेलं असेल तर सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, बाहेर काढून त्यावर कोरलेला व्यास वाचा. २७.२ मिलिमीटर असेल तर नळीची भिंत पातळ, म्हणजे वरच्या दर्जाची फ्रेम. २६.८ ही चांगलीच. २६.२ किंवा त्याहून कमी दिसलं की सहसा जाड, स्वस्त नळी.

ड्रॉपआऊट जाड, घडीव आणि त्यावर नाव कोरलेलं असेल तर उत्तम. पत्र्यातून कापल्यासारखे चपटे असतील तर सायकल खालच्या दर्जाची. क्रँकला आपल्या काळ्या सायकलीसारखी कॉटर पिन असेल तर चर्चा तिथेच थांबवा. आणि वजन: मोठ्या मापाची चांगली टूरिंग कॅरिअरशिवाय साधारण साडेबारा-तेरा किलो भरते. सामानाचा लटकता काटा बरोबर न्यावा. पंधराच्या वर गेली तर नाव काहीही असो, नळ्या साध्या.

फोटोवरून सांगाल का?

भाव नाही सांगणार, पण जायचं की नाही ते सांगेन. उजव्या बाजूने पूर्ण सायकल, मागचा ड्रॉपआऊट, पेडलच्या नळकांड्याची खालची बाजू, सीट जिथे नळीत शिरते ती जागा, आणि हँडलच्या नळीच्या मागचा भाग, एवढे फोटो मागवा. विकणारा डाव्या बाजूचेच फोटो पाठवत राहिला तर उजवीकडे काहीतरी लपवायचं आहे.

पुरात बुडालेली सायकल कशी ओळखायची?

वडोदऱ्यात हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे, पण बहुतेकांना तो सुचत नाही. विश्वामित्री चढली की तळघरं, पार्किंग आणि तळमजल्याच्या खोल्या भरतात. २०१९ च्या जुलैअखेरीस भरल्या, २०२४ च्या ऑगस्टात त्याहून वाईट भरल्या. माळ्यावरच्या सायकली वाचल्या, खाली भिंतीला टेकवलेल्या दोन-तीन दिवस गाळात उभ्या राहिल्या. नंतर त्या धुऊन पुसून उन्हात ठेवल्या, आणि आता तुम्हाला दाखवल्या जातायत. बाहेरून त्या चकचकीतही असतात.

पोलादी फ्रेम आतून पोकळ. पाणी सीटच्या नळीतून आणि सांध्यांच्या बारीक भोकांतून आत शिरतं, सगळ्यात खाली पेडलच्या नळकांड्यात साठतं, आणि गाळ तिथेच बसतो. रंग बाहेर असतो, आत काही नसतं. पातळ नळी आतून खाल्ली गेली की एक दिवस तळाशी रंगाचा फोड दिसतो. तो फोड अंगठ्याने दाबा. आत गेला तर सायकल संपली.

त्याआधीच ओळखायचं असेल तर सीटपोस्ट काढून नळीत टॉर्च मारा. तपकिरी पापुद्रे आणि मातीचा थर दिसतो का बघा. हातात धरून पुढचं चाक फिरवा, आसाजवळ कान न्या, वाळू चुरडल्यासारखा आवाज आला तर गोळ्यांच्या वाटीत गाळ आहे. विकणारा परवानगी देत असेल तर आसावरचा कोन (गोळ्या जागेवर धरणारा नट) पान्याने सैल करून ग्रीस पाहा. जुनं ग्रीस पिवळं किंवा काळं असतं. पाणी शिरलेलं दुधाच्या चहासारखं होतं. हँडलवरची टेप एका ठरावीक उंचीपर्यंत डागळलेली, सीटच्या खालच्या स्प्रिंगा गंजलेल्या पण वरचं सीट नवं, हेही बोलकं असतं. शेवटी सरळ विचारा: "ऑगस्ट चोवीसमध्ये ही कुठे होती?" माणूस क्षणभर थांबला की मी उत्तर ऐकत नाही.

पुरातली म्हणून सोडूनच द्यावी असं नाही. पाणी उतरल्यावर लगेच खोलून वाळवली, तेल सोडलं असेल तर ती वाचलेली असते. पण भावात ते दिसलं पाहिजे.

सीट वर-खाली होत नाही. विकणारा म्हणतो "थोडं तेल टाकलं की निघेल". घ्यावी का?

त्यालाच तेल टाकून काढून दाखवायला सांगा.

मी हसत सांगतोय, पण माझी पहिली मियाता याच वाक्यावर घेतली होती. सीटपोस्ट अॅल्युमिनियमचा, नळी पोलादाची. दोन वेगळे धातू, मध्ये घामाचं किंवा पावसाचं पाणी आणि ग्रीस नाही, तर अॅल्युमिनियमवर पांढरट क्षार जमतो. त्याला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे पोस्ट नळीत पाचरीसारखा घट्ट बसतो. वीस वर्षांत तो वेल्डिंग केल्यासारखा होतो. मी आठ दिवस पातळ तेल सोडलं, नळीवर गरम पाणी ओतलं, पोस्ट व्हाईसमध्ये धरून फ्रेमच गोल फिरवायचा प्रयत्न केला, तेव्हा पोस्ट वरच्या टोकाला मोडला. उरलेला तुकडा आतून करवतीच्या पात्याने उभा चिरून काढायला दोन रविवार गेले. नळीला आतून ओरखडे पडले ते वेगळेच. सायकल माझ्या मापाची झाली, पण दुरुस्त करण्यापेक्षा मला ती मोडीत काढणं स्वस्त पडलं असतं.

हँडलच्या दांड्याचंही तसंच. वरचा बोल्ट दोन फेरे सैल करून त्यावर लाकडी हातोडीने ठोका मारायचा, आतली पाचर सुटते. नाही सुटली तर तोही अडकलेला. दोन्ही अडकलेले असतील आणि उंची तुमच्या मापाची नसेल, तर ती सायकल कितीही देखणी असो, तुमच्या उपयोगाची नाही.

माप कुठलं घ्यायचं?

तुमच्या पायांचं. सायकलीवर उभं राहिल्यावर वरची दांडी आणि तुमच्यात दोन-तीन बोटं अंतर हवं. या सायकलींची मापं सीटच्या नळीच्या लांबीवर सांगतात, ५० सेंटिमीटर लहान, ५४ मध्यम, ५८ मोठं, निर्यातीच्या सायकलींत २१, २३, २५ इंच. अमेरिकेहून आलेल्या बऱ्याच सायकली २३ आणि २५ इंची, म्हणजे आपल्याकडच्या सरासरी उंचीच्या माणसाला मोठ्या. म्हणून लहान मापाची मिळाली तर इथे तिला गिऱ्हाईक जास्त.

फ्रेम वाकडी नाही हे घरी कसं तपासायचं?

पतंगाचा मांजा सोडून कुठलाही दोरा चालेल. मागच्या एका ड्रॉपआऊटला बांधा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटला आणा, ताणून धरा. सीटच्या नळीपासून डाव्या-उजव्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच निघाला तर मागचा भाग एका बाजूला गेलाय.

मग हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या तिरक्या दांडीवर खालून बोट फिरवा. रंगात सुरकुत्या किंवा हलका फुगवटा लागला तर सायकल समोरून कशावर तरी आदळली आहे. पोलाद आहे, तिथल्या तिथे तुटणार नाही, पण मी घेणार नाही. पुढचा चिमटा बाजूने पाहताना खालच्या टोकाकडे सुबकपणे पुढे वळलेला असावा, मागे ढकलल्यासारखा नको.

चाक २७ इंची आहे. इथला दुकानदार २८ चा टायर देतो. बसेल का?

नाही. रिमची खरी मापं लक्षात ठेवा: २७ इंची म्हणजे ६३० मिलिमीटर, आपल्या काळ्या सायकलीचं २८ × १½ म्हणजे ६३५, आणि हल्लीच्या हायब्रिडचं ७००सी म्हणजे ६२२. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण टायर सैल बसतो आणि हवा भरल्यावर रिमवरून उडी मारतो. ६२२ चा टायर तर चढतच नाही. २७ × १¼ चा टायर शोधावा लागतो, मिळाला की दोन घेऊन ठेवा. कायमचा उपाय म्हणजे ७००सी रिम बसवणं. त्रिज्या फक्त ४ मिलिमीटरने घटते, ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकतात का ते आधी बघा.

व्हॉल्व्हकडेही लक्ष द्या. निर्यातीच्या सायकलींत बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं भोक असू शकतं, आणि आपली नेहमीची ट्यूब बसवायला एखाद्या मेकॅनिकने ते ड्रिलने मोठं केलेलं असतं. अरुंद रिमला हे चांगलं नाही.

पुढची चक्रं गोल नाहीत, लंबगोल आहेत. वाकली आहेत का?

नाही, ते शिमानोचं बायोपेस, १९८३ साली आलेलं. मुद्दामच तसं. आवडतं कुणाला, कुणाला नाही.

तसंच तीन चक्रांपैकी मोठी दोन जवळजवळ सारखी दिसतात, ५० आणि ४५ दातांची, आणि तिसरं एकदम २८ चं. तीही चूक नाही. तेव्हा मागे पाच-सहाच चक्रं असत, म्हणून पुढच्या दोघांनी मधल्या अर्ध्या पायऱ्या भरायच्या आणि तिसरं घाटासाठी ठेवायचं. २८ पुढे, ३० मागे, चाक २७ इंची, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दोन मीटर जाते. आपली काळी सायकल ४४–१८ धरली तर जवळजवळ साडेपाच मीटर. सामान घेऊन पावागडच्या माचीपर्यंत चढायचं असेल तर हा हिशोब पायांना कळतो.

सुटे भाग मिळतात का?

बरेच. जपानी सायकलींचं हे मोठं सुख. पेडलच्या नळकांड्याचे आटे सर्वसाधारण इंग्रजी मापाचे, त्यामुळे नवा बीबी (पेडलचा आस आणि त्याची बेअरिंग) बसतो. फ्रेंच किंवा इटालियन जुन्या सायकलीत इथेच डोकं धरावं लागतं. मागच्या हबचेही आटे तेच, म्हणून बाजारात मिळणारं सहा-सात गिअरचं साधं शिमानो फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा संच) चढतं. जुन्या गिअरच्या कांड्या 'क्लिक' नसलेल्या असतात, त्या कुठल्याही डिरेलरबरोबर जमवून घेतात. फक्त हँडलच्या नळीच्या कप-कोनात (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या संचात) जपून राहा: चिमट्यावरची खालची रिंग जपानी मापात २७.० मिलिमीटरची, आताच्या संचांत २६.४ ची. दुकानात मोजूनच घ्या.

जुनं फ्रीव्हील काढायचं हत्यार मात्र आधी मिळवा. सनटूरचं खाचांचं असतं, आणि चुकीच्या पान्याने खाचा उडाल्या की चाक कापून काढायची वेळ येते.

मग भाव किती द्यायचा?

मी वजाबाकी करतो. चालायला तयार, माझ्या मापाची, चांगल्या नळ्यांची जपानी टूरिंग मला इथे कितीला परवडेल तो आकडा आधी मनात ठरवतो. सायकल-दुकानातल्या चांगल्या नव्या हायब्रिडच्या किमतीशी ताडून पाहतो. माझ्या मनातला आकडा समजा ३०,००० धरू. तुमचा वेगळा असेल.

त्यातून खर्च वजा. टायर-ट्यूब, तारा आणि ब्रेकचे रबर, चेन-फ्रीव्हील, बेअरिंगच्या गोळ्या आणि ग्रीस, हँडलची टेप, चाकं आऊट काढायची मजुरी. समजा सगळे मिळून ९,००० झाले. उरले २१,०००. त्यातून जोखमीचं वजा करा. सीटपोस्ट हलत नाही? मी निम्मी किंमत कापतो. पुराचा संशय आहे? आणखी. मागचा डिरेलर मूळचा नाही? काहीच कापू नका, चालवायची आहे, संग्रहालयात ठेवायची नाही. मूळ कॅरिअर, पंप, खुंटीवरच्या जादा तारा अजून जागेवर असतील तर थोडं वाढवा.

हे सगळं करून आकडा ८,००० वर आला आणि समोरचा २५,००० वर अडून बसला, तर चहा प्या आणि घरी या. गिऱ्हाईक थोडी आहेत, सायकल महिन्याभराने तिथेच असते.

फक्त नावाचे जादा पैसे मी कधी देत नाही. मियाता १००० असली तरी ती १००० आहे हे नळ्यांनी, ब्रेकच्या खुंट्यांनी आणि शिक्क्यांनी आधी दाखवलं पाहिजे. दांडीवरचं स्टिकर आता कुणीही छापून देतं.

इंटरनेटवर तीच सायकल ८०० डॉलरला आहे. म्हणजे इथेही रुपयांत तेवढेच होतात ना?

ते मागितलेले पैसे आहेत, मिळालेले नाहीत. शिवाय तिथे तिला ओळखणारे शेकडो आहेत, सुटे भाग गल्लीत मिळतात. इथे तुम्ही पुन्हा विकायला काढली तर ओळखणारे चार भेटतील, त्यातला एक मी, आणि मी घासाघीस करतो.

"ड्युटी भरून आणली आहे" म्हणत असेल तर पावती मागा. वापरलेला माल आयात करायला आपल्याकडे निर्बंध आहेत, सहज कंटेनर भरून येत नाही.

मालकाने नवा पावडर-कोटिंग करून घेतलं आहे. भाव वाढतो का?

माझ्या लेखी घटतो. मकरपुरा जीआयडीसीत काम झकास होतं, तक्रार कामाची नाही. पण आधी फ्रेमवर वाळूचा मारा करतात, पातळ नळ्यांना तो मानवत नाही. जाड थराखाली सुरकुत्या, ठोके, कधी फ्रेमचा क्रमांकही बुजतो, आणि नळ्यांचं स्टिकर तर गेलेलंच असतं. ओरखड्यांचा मूळ रंग मला चकचकीत नव्या रंगापेक्षा जास्त खरं सांगतो.

कागदपत्रं?

सायकलीला आरसी नसते. जुनं बिल असेल तर सोनं. नसेल तर साध्या कागदावर फ्रेमचा क्रमांक, दोघांची नावं, रक्कम, तारीख, सही. विकणारा घरी न बोलावता पुलाखाली भेटायला म्हणत असेल तर जाऊच नका.

चालवून कुठे बघावी?

कमाटी बागेबाहेर पहाटे रस्ते मोकळे असतात. सरळ रस्त्यावर हँडल अगदी हलकं धरा, एका बाजूला ओढते का बघा. मग फतेहगंजच्या उड्डाणपुलावर न्या, आपल्या सपाट शहरात चढ म्हणजे उड्डाणपूलच. चढताना छोट्या चक्रावर गिअर टाका, चेन घसरते का ऐका. उतरताना दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबा. पुढचा दाबल्यावर कटकट वाजली तर हँडलच्या नळीतला कप-कोन सैल आहे, तो पान्याने आवळता येतो. मागचा दाबल्यावर चीं-चीं झाली तर रबर बदला. आणि हो, हवा घरून भरून न्या. अशा सायकलींच्या टायरमध्ये विकणाऱ्याने हवा भरलेली मी अजून पाहिलेली नाही.